करमाड : वस्ती आणि वाटा



संस्थानच्या कार्यालयात येणाऱ्या टपालात दर्शनाच्या वेळा व अभिषेकाची देणगी यांच्या खालोखाल दोन प्रश्न हमखास असतात. गाव केवढे आहे आणि तेथे पोहोचावयाचे कसे? अलीकडे पत्रांची जागा भ्रमणध्वनीने घेतली, प्रश्न मात्र तेच राहिले. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होता आले असते. परंतु ती चूक आम्ही पूर्वी एकदा केली आहे व तिची हकीकत पुढे येणारच आहे. म्हणून या वेळी पुस्तिकेची काही पाने या विषयासाठी राखून ठेवली आहेत.

स्थान

करमाड हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) तालुक्यातील गाव. शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरवर, जालना रस्त्यालगत ते वसले आहे. शहरातून निघालेला हा रस्ता मुकुंदवाडी, विमानतळ, चिकलठाणा व शेंद्रा मागे टाकून करमाडला येतो आणि पुढे बदनापूरवरून जालन्यास जातो. लोहमार्गही बराचसा याच दिशेने, रस्त्याची सोबत करीत जातो. उत्तरेकडे लाडसावंगी व दक्षिणेकडे पिंप्री राजा या बाजूंची खेडी करमाडशी जोडलेली असल्याने बाजार, पोलीस ठाणे व महसुली कामे यांसाठी आसपासच्या माणसाचे पाऊल येथेच वळते.

एक गोष्ट बाहेरगावच्या वाचकास सहसा ठाऊक नसते. १ मे १९८१ पर्यंत जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. त्या दिवशी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, बदनापूरची बाजू तिकडे गेली आणि जिल्ह्याच्या दोन मोठ्या पेठांच्या मध्यावरचे करमाड एकाएकी जिल्ह्याच्या कडेला आले. गाव जागचे हलले नाही, सीमा हलली. आजही येथील सोयरिकी, बाजारहाट व नोकऱ्या दोन्ही जिल्ह्यांत सारख्याच पसरलेल्या आहेत. त्यामुळे कोणत्याही एका जिल्ह्याचे आकडे पाहून या गावाचा अंदाज बांधणे थोडे फसवे ठरते.

माणसे मोजण्याची रीत

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कलाशाखेतील. आकड्यांशी मैत्री बेताचीच. तरीही लोकसंख्येचा आकडा वाचावयास शिकणे भाग पडले, ते असे. या पुस्तिकेच्या एका जुन्या आवृत्तीत आम्ही गावाची लोकसंख्या छापली होती आणि तिच्यापुढे वर्ष घालावयाचे राहून गेले होते. तो आकडा २००१ च्या गणनेतला होता. एका देणगीदारांनी त्यावरून हिशेब मांडून पाण्याची टाकी अर्पण केली. टाकी उत्तम होती, बांधणीही चोख. पण ती ज्या माणसांना पुरावयाची होती त्यांची संख्या एव्हाना बरीच पुढे गेली होती आणि पहिल्याच उन्हाळ्यात टाकी दुपारपर्यंत रिकामी होऊ लागली. देणगीदारांनी शब्दाने बोल लावला नाही. संकोच झाला तो आम्हालाच. तेव्हापासून वर्षाविना आकडा छापावयाचा नाही, असा या कार्यालयाचा नियम आहे.

आपल्याकडे पूर्ण झालेली अखेरची जनगणना २०११ ची. २०२१ ची गणना कोविडच्या साथीमुळे वेळेवर होऊ शकली नाही आणि पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने ठरविण्यात आला. म्हणजे दोन गणनांमध्ये १० वर्षांऐवजी १६ वर्षांचे अंतर पडले. या मधल्या काळात कोणत्याही गावाची ‘अधिकृत’ लोकसंख्या म्हणून जो आकडा सांगितला जातो तो २०११ चा असतो, हे वाचकाने मनाशी धरून ठेवावे.

२०११ मध्ये मोजणी कशी झाली, हेही पाहण्यासारखे आहे. ९ ते २८ फेब्रुवारी या २० दिवसांत प्रगणक घरोघर फिरले. या काळात जो ज्या घरी राहत होता त्याची नोंद त्या घरी झाली, मग त्याचे रेशनकार्ड कोठलेही असो. ज्यांना घर नाही अशांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री एकाच वेळी, म्हणजे स्थानकावर, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर जाऊन करण्यात आली. १ ते ५ मार्च या दिवसांत फेरतपासणी झाली. मधल्या काळात जन्मलेली बाळे मिळविली गेली, निवर्तलेले वजा झाले आणि १ मार्चला सुरू होणाऱ्या मध्यरात्रीचा क्षण हा जवळजवळ सर्व देशाचा हिशेबाचा क्षण मानला गेला.

यात मराठवाड्याच्या दृष्टीने एक मेख आहे. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा भर हंगाम. आपल्या भागातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास घराला कुलूप लावून कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मोजणीच्या वेळी ती फडावर, कोप्यांमध्ये असतात. नियमाप्रमाणे त्यांची नोंद जेथे मुक्काम तेथे. गावाच्या खात्यात ती दिसत नाहीत आणि ज्या गावाच्या खात्यात दिसतात तेथे ती उन्हाळ्यात नसतात. उलट बाजूने पाहिले तर शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला येऊन करमाडमध्ये खोली भाड्याने घेतलेला तरुण २०११ च्या फेब्रुवारीत येथे असेल तरच येथील गणतीत आला. २०१२ मध्ये आला असेल तर तो पुढील गणनेपर्यंत येथील आकड्यात नाहीच.

जिल्ह्याचे आकडे नजरेखालून घातले की या मेखेचे वजन कळते. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या २८,९७,०१३ होती, २०११ मध्ये ती ३७,०१,२८२ झाली. दहा वर्षांत शेकडा २८ च्या जवळपास वाढ. त्याच दहा वर्षांत शहर ८,७३,३११ वरून ११,७५,११६ वर गेले, म्हणजे शेकडा ३४ हून अधिक. शेजारचा जालना जिल्हा १६,१२,९८० वरून १९,५९,०४६ वर गेला, शेकडा २१ च्या आसपास. जिल्ह्यापेक्षा शहराचा वेग अधिक आणि पूर्वेकडील शेजाऱ्याचा सर्वांत कमी. माणसे पूर्वेकडून शहराकडे सरकत असावीत, असा तर्क यावरून सहज बांधता येतो, आणि ती ज्या वाटेने सरकतात त्या वाटेवर करमाड आहे.

‘गाव’ आणि ‘शहर’ यांतील रेघही जनगणनेने आखून दिली आहे. नगरपालिका नसली तरी एखाद्या ठिकाणी किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश शेतीबाहेरच्या कामात, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर जनगणना त्यास नागरी मानते. शेंद्रा पट्ट्यातील गावांमध्ये तिसरी अट झपाट्याने पुरी होत चालल्याचे कोणीही सकाळच्या पाळीच्या वेळी रस्त्यावर उभे राहून पाहू शकेल. कारभार ग्रामपंचायतीचा आणि राहणी निम्मी शहराची, अशी या गावांची अवस्था आहे.

आता कोणी म्हणेल, भाविकास याच्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या लोकसंख्येवर ठरते. १,५०० पर्यंत ७ सदस्य, पुढे टप्प्याटप्प्याने वाढत ७,५०० च्या वर १७. सपाट प्रदेशात ३०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० मागे एक उपकेंद्र, असा आरोग्य विभागाचा दंडक आहे. जलजीवन योजनेत ग्रामीण माणसामागे दररोज ५५ लीटर पाणी धरले आहे, म्हणजे हजार माणसे आकड्यात कमी धरली गेली तर रोज ५५,००० लीटरची तूट. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्येला मोठे वजन होते आणि ती लोकसंख्या २०११ ची. तेव्हा भाड्याच्या खोलीतील कामगार, बांधावरच्या झोपडीतील सालगडी आणि यात्रेत उतरलेला भाविक हे तिघेही ज्या नळावर पाणी भरतात, तो नळ त्यांना न मोजताच बसविलेला असतो. आमच्या टाकीचे जे झाले ते याहून वेगळे नव्हते.

लोहमार्ग

या भागास आगगाडी लाभून सव्वाशे वर्षे झाली. निजामाच्या राज्यात, हमी दिलेल्या कंपनीकरवी, हैदराबाद–गोदावरी व्हॅली या नावाने मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर खुला झाला. मार्गावरील मुलूख तेव्हा १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळातून जात होता. मुंबईकडे जावयाचे तर मनमाडला उतरून, सामान हमालाच्या डोक्यावर देऊन रुंद रुळांची गाडी गाठावी लागे. ही दगदग जवळजवळ शतकभर चालली. १९९० च्या दशकात रुंदीकरण झाले तेव्हा ती संपली. दरम्यान धनी अनेकदा बदलले. १९५१ मध्ये मध्य रेल्वे, १९६६ मध्ये स्थापन झालेली दक्षिण मध्य रेल्वे आणि २००३ पासून तिचाच नांदेड विभाग.

करमाड हे या मार्गावरील लहान स्थानक. सवारी गाडीने येणारास ते सोयीचे आहे. जलद गाडीने येणाऱ्या भाविकाने छत्रपती संभाजीनगर किंवा जालना येथे उतरून रस्त्याने यावे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई अशी सुरू झालेली व ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत नेण्यात आलेली वंदे भारत गाडी करमाडला थांबत नाही. जुन्या भाविकांसाठी आणखी एक सूचना अशी की, औरंगाबाद स्थानकाचे नावही ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले असून तिकिटावर आता छत्रपती संभाजीनगर असे पाहावे.

हा मार्ग एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीस वाट देण्यासाठी गाड्या लहान स्थानकांत थांबवून ठेवाव्या लागतात. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. ते पुरे झाले की ही खोळंब्याची सवय मोडेल. तोवर, थांबा नसलेली गाडी ‘क्रॉसिंग’साठी करमाडला थांबली म्हणून मंडळी फलाट नसलेल्या बाजूने उड्या टाकून उतरतात, असे आम्ही स्वतः पाहिले आहे. कृपया तसे करू नये. वयस्क भाविकांच्या बाबतीत तर मुळीच नको.

८ मे २०२०

करमाडचे नाव देशभर ज्या दिवशी उच्चारले गेले तो दिवस येथे नोंदविणे आवश्यक आहे, जरी तीर्थयात्रेच्या पुस्तिकेत असा मजकूर सहसा नसतो.

साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी होती. त्याआधीच, २२ मार्चपासून, प्रवासी गाड्या बंद झाल्या होत्या. एस.टी. बंद, काळी-पिवळी बंद, रस्त्यावर नाकी. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील काही मजूर हाताला काम नसल्याने गावी निघाले. १ मेपासून मजुरांसाठी श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या आणि भुसावळला अशी गाडी मिळेल या आशेने ते ७ मेच्या संध्याकाळी जालन्याहून पायी निघाले. रस्त्याऐवजी त्यांनी लोहमार्ग धरला. रात्रभर ३५ किलोमीटरच्या वर चालून पहाटे ते बदनापूर व करमाड यांच्या दरम्यान सटाणा शिवारात थकून रुळांवरच टेकले व त्यांना झोप लागली. गाड्या बंद आहेत, ही त्यांची समजूत. ती अर्धीच खरी होती. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या धान्य व इंधन घेऊन अहोरात्र धावत होत्या. सकाळी सव्वापाचच्या सुमारास जालन्याकडून येणाऱ्या मालगाडीखाली १६ जण मृत्युमुखी पडले. चालकाने गाडी थांबविण्याचा प्रयत्न केला होता, पण अंतर पुरले नाही. मृत मजूर उमरिया व शहडोल या जिल्ह्यांतील होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी-पोळ्यांचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल.

ठाणे करमाडचे, म्हणून नोंद करमाडची. हे सोळाजण करमाडच्या लोकसंख्येत कधीच नव्हते. २०११ मध्ये त्यांतील काहीजण तर लहान मुले असतील. ते ज्या शहरात राबत होते तेथील गणतीतही बहुधा नसावेत. कार्यालयात बसून यात्रेच्या सोयींचे हिशेब मांडताना, आकडेवारीच्या तक्त्यात ही माणसे कोणत्या रकान्यात लिहावयाची, हा प्रश्न या लेखकाच्या मनातून पुढे बरेच दिवस गेला नाही. वाट जवळ असणे आणि वाहन मिळणे यांतला फरकही त्या पहाटे कळला. याच पट्ट्यात लोहमार्ग आहे, चौपदरी रस्ता आहे, विमानतळ आहे. त्या रात्री त्यातले काहीही त्यांच्या उपयोगी पडले नाही.

रस्ते

रस्त्याविषयी थोडक्यात. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केली होती. मुंबई राज्यात एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. मराठवाड्याची सेवा १९६१ मध्ये महामंडळात सामावली गेली. आज छत्रपती संभाजीनगर व जालना या दोन शहरांदरम्यान सतत गाड्या असतात. मात्र चढण्यापूर्वी करमाडला थांबा आहे की नाही हे वाहकास विचारून घ्यावे, कारण विनाथांबा गाडी थेट पुढे जाते व मग काळी-पिवळीने मागे यावे लागते. एस.टी.त ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना निम्मे भाडे, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे. आधारकार्ड जवळ ठेवावे. विमानाने येणाऱ्यांना शहरात शिरण्याची गरज नाही, चिकलठाण्याचा विमानतळ जालना रस्त्यावरच आहे.

रहदारी मात्र विलक्षण वाढली आहे. शेंद्र्यास औद्योगिक वसाहत आधीपासून होती व २००१ पासून तेथे स्कोडा मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेत शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांवर ‘ऑरिक’ नगरीची आखणी झाली. तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. जमिनी गेल्या, मोबदला आला, कोणी त्यातून घरे बांधून भाड्याने दिली, कोणाच्या हातून पैसा वाळूसारखा निसटला. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भाविकाने एवढेच ध्यानी ठेवावे की पाळी सुटण्याच्या वेळी शेंद्रा ते करमाड हा टप्पा अवजड वाहनांनी भरलेला असतो. चैत्रात शेंद्रा कमंगर येथे मांगीरबाबांची यात्रा भरते, त्या दिवसांत तर अर्धा तास अधिक धरूनच निघावे.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. विदर्भ व नाशिक–मुंबई या दोन्ही बाजूंच्या भाविकांना शेंद्र्याच्या बाजूस उतरून करमाडकडे येता येते. वेळ निम्म्यावर आली, हे खरे. पण या मार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले, आणि १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ जांबरगाव येथे सैलानीबाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या गाडीतील १२ भाविक दगावले. दर्शन आटोपून रात्रीतच घर गाठण्याचा आग्रह धरू नये, ही विनंती आहे. चालकासही जेवण व झोप लागते. भक्तनिवासात त्याच्यासाठी वेगळे शुल्क आकारले जात नाही.

पायी येणाऱ्या दिंड्यांना समृद्धी महामार्गावर प्रवेश नाही. दुचाकी व तीनचाकीलाही नाही. दिंडीने जुन्या जालना रस्त्याच्या कडेने, उजव्या हाताने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. मागच्या व पुढच्या माणसाच्या हाती रात्री कंदील वा बॅटरी असावी व पताकेच्या काठीस चमकणारी पट्टी बांधावी. अंतर वाचते म्हणून लोहमार्गाच्या कडेने कोणीही येऊ नये, कोणी वाटाड्या तसे सुचवीत असला तरीही.

दिंडीप्रमुखांनी मुक्कामाच्या चार दिवस आधी कार्यालयास कळवावे. स्त्रिया किती, पुरुष किती, १० वर्षांखालील मुले किती आणि वाटेत येऊन मिळणारे अंदाजे किती, असे चारही आकडे द्यावेत. शेवटचा आकडा पुष्कळदा गाळला जातो आणि पाणी कमी पडते ते नेमके त्यामुळेच. निघतेवेळची व पोहोचल्यावरची अशी दोन्ही मोजदाद कार्यालयातील वहीत लिहून घेतली जाते. संख्या जुळत नसेल तर संस्थानची गाडी जालना रस्त्याने मागे पाठविली जाते.